आधी देवाशी भांडून घ्या

मागच्या थंडीतली गोष्ट आहे. सुदामा नगरमध्ये एकांकडे प्रार्थना सभा होती, दारात चपला काढता काढताच एका मावशींनी विचारलं, "काय गं, कशी आहेस?" मी म्हटलं, "मस्त, प्रभूची कृपा." आत जाऊन गाणी म्हटली, टाळ्या वाजवल्या, दोन मिनिटं साक्ष पण दिली, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगितलं. आणि घरी आल्यावर मुलाने गराडूवरचा, म्हणजे तळलेल्या कंदावरचा, मसाला ओट्यावर सांडला, एवढ्याशा कारणावरून त्या पोराला मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाहीये. बारा वर्षांचा आहे तो. तो शांतपणे एवढंच म्हणाला, "आई, आत्ता तिथे तर तू किती गोड बोलत होतीस."

तेव्हापासून डोक्यात हा विषय फिरतोय. आम्ही इंदूरचे मराठी ख्रिस्ती म्हणजे जरा गंमतच आहे, आजोबा नगरकडचे, मिलमध्ये नोकरी लागली म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले, त्यामुळे आमच्याकडे चर्चमधली भक्ती हिंदीत, घरची प्रार्थना मराठीत, आणि भांडण दोन्ही भाषांत. मी संडे स्कूलमध्ये मोठ्या मुलांना शिकवते. तिथे एका दहावीच्या मुलीने मला विचारलं होतं, "दीदी, बायबलमध्ये लिहिलंय चिंता करू नका, आणि मला तर बोर्डाच्या परीक्षेची रोज चिंता वाटते, पोटात गोळा येतो, मग माझा विश्वास खोटा आहे का?" त्या दिवशी मी तिला काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. आता नीट सांगायचा प्रयत्न करते. मी काही पाळक, म्हणजे पास्टर, नाही, थिऑलॉजी शिकलेली नाही, पण वाचते बऱ्यापैकी आणि चुका तर भरपूर केल्यात.

आपल्याकडे एक समजूत पक्की बसलीय की विश्वास असलेला माणूस कायम हसतमुख असतो. रडू आलं म्हणजे विश्वास कमी पडला, राग आला म्हणजे पाप झालं, भीती वाटली म्हणजे सैतानाने गाठलं. हे कोणी स्टेजवरून असं उघड शिकवत नाही, पण आपण एकमेकांना ज्या पद्धतीने गप्प करतो त्यातून मुलं हेच शिकतात. मैतीला गेल्यावर पहिलं वाक्य काय असतं? "रडू नका, ते प्रभूजवळ गेलेत."

आणि बायबल उघडून बघाल तर तिथे सगळी माणसं रडतायत, भांडतायत, घाबरतायत.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. त्यातली साधारण एक तृतीयांश तक्रारीची आहेत, अभ्यासक त्यांना विलापस्तोत्रं म्हणतात, मी साध्या भाषेत रडगाणी म्हणते. १३ वं स्तोत्र घ्या, फक्त सहा ओव्यांचं आहे, आणि त्यातल्या पहिल्या दोन ओव्यांत दावीद देवाला चार वेळा विचारतो की अजून किती वेळ? किती वेळ मला विसरणार, किती वेळ तोंड लपवणार? आपण साहेबाला सुद्धा अशा टोनमध्ये मेसेज टाकणार नाही. तरी त्या स्तोत्राचा शेवट भरवशाने होतो. ८८ वं स्तोत्र तर शेवटपर्यंत वर येतच नाही, मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. बास, संपलं. आणि मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे त्या स्तोत्राच्या वर लिहिलंय की हे प्रमुख गवयासाठी आहे. म्हणजे ते कोणाच्या खाजगी डायरीतलं पान नाहीये, ते गायकांकडे दिलंय, सगळ्यांनी मिळून म्हणायला. आमच्या क्वायरने एखाद्या रविवारी हे गायलं तर अर्धे लोक घाबरून पास्टरांकडे बघतील.

मराठी माणसाला खरं तर हे नवीन वाटायला नको. जनाबाई विठ्ठलाला काय काय शिव्या देते ते आपल्याला माहीत आहे, तुकोबा देवाशी सरळ भांडण काढतात, आणि तरी त्यांना कोणी नास्तिक म्हणत नाही, उलट भांडण्याइतकी जवळीक आहे म्हणूनच तर ते संत. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मला वाटतं त्या पुलावरून येताना आपण बाकी सगळं आणलं, ही भांडायची सवय तेवढी पलीकडच्या तीरावर ठेवून आलो.

आता इथे कोणी म्हणेल, अहो पण कुरकुर करणाऱ्या इस्राएल लोकांवर देव रागावला होता की. बरोबर आहे, पण तो अध्याय पूर्ण वाचा, बायबलमधल्या गणना पुस्तकाचा ११ वा. लोक रानात मांस नाही म्हणून आपापल्या तंबूच्या दारात बसून रडतायत, मिसरातली, म्हणजे इजिप्तमधली, काकडी, खरबूज, कांदा, लसूण आठवतायत, आणि देवाला राग येतो. त्याच अध्यायात त्यांचा पुढारी मोशे पण वैतागलाय. तो थेट देवाला म्हणतो, या सगळ्यांना मी जन्म दिलाय का? मला एकट्याला हे ओझं झेपत नाही, असंच वागवणार असशील तर मला मारूनच टाक. आता याच्यावर तर देवाने जास्त रागवायला हवं ना? पण नाही. देव म्हणतो, सत्तर वडीलधारे गोळा कर, ते तुझ्याबरोबर ओझं उचलतील. दोन्हीकडे तक्रारच आहे, पण लोक देवाच्या पाठीमागे बोलले आणि मोशे तोंडावर बोलला. आपल्याकडे पण असंच असतं की, ज्याचं आपल्याशी नातं आहे तो येऊन तोंडावर भांडतो, आणि ज्याला नातं ठेवायचं नाही तो चार लोकांत सांगत फिरतो.

माझं सगळं म्हणणं खरं तर या एवढ्यातच आहे. मनातलं वाईट आधी देवाकडे न्यायचं, जसं आहे तसं, न धुता. नाही नेलं तर ते कुठे जात नाही, ते घरात येतं आणि सगळ्यात लहान माणसावर निघतं. माझ्याकडे ते गराडूच्या मसाल्यावर निघालं. मला त्या दिवशी खरा राग माझ्या भावाचा होता, तो विषय पुढे येईल.

येशूचं स्वतःचं काय होतं ते बघा. येशूचा मित्र लाजर मेल्यावर चार दिवसांनी येशू त्याच्या गावाला, बेथानीला पोचतो. आधी लाजरची बहीण मार्था भेटते, ती म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मग दुसरी बहीण मरीया येते, ती पण हेच वाक्य म्हणते, अगदी तेच. मी किती वेळा हा भाग वाचला असेल पण हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. वाक्य एकच आहे आणि उत्तरं दोन आहेत. मार्थाशी तो बोलतो, पुनरुत्थानाबद्दल, म्हणजे मेलेल्यांच्या परत उठण्याबद्दल, सांगतो, तिला कदाचित बोलणंच हवं होतं. मरीयेला तो काहीच समजावत नाही, कबर कुठे आहे विचारतो आणि रडतो. योहान ११:३५, येशू रडला, संडे स्कूलची मुलं सगळ्यात आधी हेच वचन पाठ करतात कारण दोनच शब्द आहेत, चॉकलेट लवकर मिळतं. आणि दहा मिनिटांत तो लाजरला उठवणार आहे, त्याला ते माहीत आहे, तरी तो रडला. म्हणजे पुनरुत्थानावर विश्वास असला की रडायचं कारण उरत नाही, हे आपलं मैतीतलं वाक्य त्याने स्वतःच खोडून काढलं ना.

त्याला राग पण आला. शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या, दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं करायचं की नाही यावर लोक गप्प बसले, तेव्हा मार्क म्हणतो की त्याने रागाने सगळ्यांकडे पाहिलं, आणि त्यांच्या मनाच्या कठीणपणाचं त्याला वाईट वाटलं. राग आणि दुःख एकाच वाक्यात आहे. गेथशेमाने बागेत तर तो शिष्यांना सरळ सांगतो की माझा जीव मरायला टेकलाय इतका खिन्न आहे, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. देवाचा पुत्र मित्रांना सोबत बसायला सांगतो, आणि आपण मेसेजला "ऑल गुड" लिहून पाठवतो.

शुभवर्तमानात येशूला लोकांचा कळवळा आला असं जे येतं, त्याच्या मागचा ग्रीक शब्द आतड्यांवरून आलाय. इंग्रजीवाल्यांना हे समजावून सांगावं लागतं, आपल्याला काय, आपल्याकडे आतड्याची माया असते, पोटात तुटतं, आतडं पिळवटतं. म्हणजे येशूची दया वरून खाली बघून केलेली नव्हती, त्याच्या पोटात कालवत होतं. आणि ज्याला स्वतःच्या पोटातलं कळतच नाही, ज्याने ते सगळं "मस्त, प्रभूची कृपा" खाली दाबून टाकलंय, त्याला दुसऱ्याचं कसं कळणार?

बरं आता त्या दहावीच्या मुलीचा प्रश्न. "कशाचीही चिंता करू नका" हे प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांच्या पत्रात लिहिलंय, चौथ्या अध्यायात, आणि लिहिताना तो स्वतः कैदेत होता. पण हाच पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्रात, ११ व्या अध्यायात, आपण काय काय भोगलं ते सांगतो, मार खाल्ला, जहाज फुटलं, उपाशी राहिलो, आणि शेवटी म्हणतो की या सगळ्याच्या वर रोज माझ्यावर सगळ्या मंडळ्यांच्या, म्हणजे ठिकठिकाणच्या चर्चच्या, चिंतेचा भार आहे. ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकाच मुळातला शब्द आहे. तर मग पौलाचा विश्वास खोटा होता का? चिंता करू नका हे जर गणितातल्या नियमासारखं असेल तर पौल स्वतःच नापास. ते तसं नाहीये. आई म्हणते ना, "घाबरू नकोस, मी आहे", त्यात घाबरलास तर फटके देईन असा अर्थ नसतो. आणि फिलिप्पैतलं ते वाक्य अर्धं का वाचायचं, पुढे लिहिलंय की प्रत्येक गोष्टीत आपली मागणी देवाला कळवा. म्हणजे चिंता उचलून कुठे न्यायची याचा पत्ता दिलाय.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तर मी आता मुलांना दर वर्षी सांगते. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय, आणि लगेच ईजबेल राणीची एक धमकी आली तर हा माणूस पळत सुटला, रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवाने काय केलं? लेक्चर दिलं नाही, वचन पाठ करून घेतलं नाही. झोपू दिलं. मग देवदूताने हलवून उठवलं, म्हणे खा, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. खाऊन परत झोपला. परत उठवलं, परत खा, कारण वाट लांबची आहे. बोलणं नंतर, होरेब डोंगरावर. कितीतरी वेळा आपल्या माणसाला प्रार्थनेच्या आधी झोप आणि पोळी-भाजीच हवी असते.

आणि हे सगळं करूनही जर दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात रस वाटत नसेल, तर डॉक्टरकडे जायचं, यात विश्वासाला काही धक्का लागत नाही, शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. सरकारची टेली-मानस म्हणून हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत पण बोलतात हिंदीत पण. मी हा नंबर संडे स्कूलच्या बोर्डावर लिहून ठेवलाय. एका आजोबांनी विचारलं, "चर्चमध्ये हे कशाला?" मी म्हटलं, इन्शुलिन चालतं ना तुम्हाला, मग हे पण चालू द्या.

हन्नाचं एक सांगून पुढे जाते. मूल होत नाही म्हणून ती मंदिरात ओठ हलवत रडत होती आणि एली याजकाला वाटलं बाई पिऊन आलीय. याजकाला! चर्चमध्ये कोणी तुमच्या रडण्याचा चुकीचा अर्थ काढला तर तुम्ही पहिल्या नाही आहात.

राग हा सगळ्यात अवघड भाग आहे, निदान माझ्यासाठी तरी. इफिसकरांच्या पत्रात लिहिलंय, रागावा पण पाप करू नका, सूर्य मावळायच्या आत राग जाऊ द्या. यातलं पहिलं अर्धं आपण वाचतच नाही. रागावा असं लिहिलंय. राग म्हणजे घरातल्या गॅसचा वास आल्यासारखं आहे, कुठेतरी काहीतरी गळतंय, कोणीतरी कोणावर अन्याय केलाय किंवा माझ्या मनात काहीतरी सडलंय, शोधायला पाहिजे. वास आल्याबद्दल नाकाला शिव्या देऊन उपयोग नाही. आणि तिथेच उभं राहून काडी ओढायची नाही, ते पाप. सूर्य मावळायचं म्हणाल तर यहुदी लोकांचा दिवस सूर्यास्ताला संपतो आणि पुढचा तिथूनच सुरू होतो, म्हणजे आजचा राग उद्याच्या खात्यात ओढू नका एवढाच भाव आहे. काही नवरा-बायको याचा अर्थ लावतात की रात्री साडेअकराला सगळा वाद मिटवूनच झोपायचं, आणि मग दीडपर्यंत नवीन वाद तयार होतात. माझ्या अनुभवात झोपणं जास्त आध्यात्मिक ठरतं. देवाला सांगून झोपायचं की हे असं असं झालंय, मला त्याचं थोबाड बघायची इच्छा नाहीये, उद्या बघू.

आता प्रेमाकडे येते. मराठी बायबलमध्ये त्याला प्रीती म्हटलंय, आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा १३ वा अध्याय लग्नात हमखास वाचतात, प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, तोपर्यंत कॅमेरावाला नवरीच्या मेंदीचा क्लोजअप घेत असतो. पण पौलाने ते लग्नासाठी लिहिलेलंच नाही. करिंथची मंडळी म्हणजे भांडकुदळ लोक, एकमेकांवर कोर्टात केस टाकत होते, प्रभूभोजनाला जमले की श्रीमंत आधी खाऊन पिऊन घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे, हे सगळं त्याच पत्रात आहे. अशा लोकांना त्याने प्रीतीचा अध्याय लिहिला. आणि मूळ ग्रीकमध्ये तिथे विशेषणं नाहीत, सगळी क्रियापदं आहेत. सहनशील आहे असं नाही, तर प्रीती सहन करते, भलं करते, हेवा करत नाही, मनात हिशेब ठेवत नाही. मला यात फार सुटल्यासारखं वाटतं, कारण मला अमुक माणसाबद्दल आतून गोड वाटायलाच पाहिजे अशी सक्ती यात कुठे नाहीये. करायचं काय तेवढं सांगितलंय. वाटणं येईल तेव्हा येईल.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, लुटारूंनी जखमी केलेल्या माणसाला एक परका वाटसरू मदत करतो ती, पण त्यातला एक बारीक भाग कोणी सांगत नाही. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार देऊन, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी देऊन, तो आपल्या कामाला निघून गेला! बाकीचं काम उतारशाळेवाल्यावर सोपवलं, वर म्हणाला की जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. त्याने नोकरी सोडली नाही, स्वतःला मिटवून टाकलं नाही. आमच्या बायकांच्या सभेत हे सांगितलं तेव्हा दोघी-तिघी नंतर येऊन म्हणाल्या की आम्हाला वाटायचं प्रेम म्हणजे स्वतःची पार राख करणं. नाही हो. दोन दिनार, आणि मग आपला रस्ता.

माझे बाबा गेले तेव्हाचं सांगते. दफन झाल्यावर चार दिवस घर माणसांनी भरलेलं, आणि जो तो काहीतरी वचन सांगत होता, देवाची इच्छा, देवाची योजना, तो बरंच करतो. सगळी माणसं चांगल्या मनाने आली होती, मला ते कळत होतं, तरी माझ्या डोक्यात घणाचे घाव बसत होते. पाचव्या दिवशी सकाळी समोरच्या जोशी काकू आल्या, हातात पोह्यांचा डबा, वर शेव वेगळ्या पुडीत बांधलेली, म्हणजे मऊ पडू नये म्हणून. त्यांनी काही विचारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, कप माझ्या हातात दिला आणि बाजूला बसल्या. एक तास तरी बसल्या असतील. जाताना म्हणाल्या, "तुझे बाबा रोज सकाळी आमचा पेपर वर फेकायचे, आता चार दिवस पेपर खालीच पडून असतो." तेव्हा मी बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा मोकळी रडले.

बायबलमधल्या ईयोबावर संकटांवर संकटं आली, तेव्हा त्याच्या मित्रांनी सुरुवात हीच केली होती. ते आले, त्याची अवस्था बघून मोठ्याने रडले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द नाही. मग बोलायला लागले आणि सगळं बिघडवलं, तुझंच काहीतरी पाप असेल वगैरे. पुस्तक ४२ अध्यायांचं आहे, आणि शेवटी देव त्या समजावणाऱ्यांना म्हणतो की तुम्ही माझ्याबद्दल ठीक बोलला नाहीत, ईयोब बोलला. ज्याने एवढी आरडाओरड केली, तो! रोमकरांस पत्रात पौल म्हणतो, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. त्यात समजावा हा शब्द कुठेच नाहीये.

स्वतःचं दुःख देवापुढे उघडं ठेवलेल्या माणसाला दुसऱ्याचं लवकर ओळखू येतं, याचं मला सगळ्यात मोठं मराठी उदाहरण पंडिता रमाबाईंचं वाटतं. सोळा-सतराव्या वर्षी दुष्काळात आई, वडील, बहीण गेली, मग भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, मांडीवर लहान मुलगी. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाच्या भागात, फिरल्या आणि शेकडो अनाथ मुली-बायकांना घेऊन गेल्या, केडगावच्या मुक्ती सदनात. उपाशी पोरीचा चेहरा कसा दिसतो हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा पण गेली, आणि त्या हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर करतच राहिल्या, १९२२ मध्ये जाईपर्यंत.

क्षमेबद्दल बोलायचं तर इंदूरमध्ये राहून सिस्टर राणी मारियांचं नाव घेतल्याशिवाय कसं चालेल. केरळच्या नन, उदयनगरच्या आदिवासी लोकांमध्ये काम करायच्या, सावकारांच्या तावडीतून गरीब शेतकऱ्यांना सोडवायच्या, म्हणून काहींना नकोशा झाल्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमधून प्रवास करताना एकाने त्यांना चाकूने भोसकून मारलं. पुढे त्यांची सख्खी धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल जेलमध्ये गेली आणि त्या माणसाच्या हाताला तिने राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला, नंतर केरळला जाऊन त्यांच्या आईला भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथेच इंदूरला राणी मारियांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं तेव्हा केवढी गर्दी होती.

ही गोष्ट प्रवचनात सांगतात तेव्हा खून आणि राखी एका श्वासात येतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ख्रिस्ती माणसाने असं लगेच माफ करायचं असतं. राखी २००२ ची आहे. मधे सात वर्षं आहेत. प्रवचनात ती सात वर्षं एका स्वल्पविरामात बसतात, पण जगताना त्याचे अडीच हजारांहून जास्त दिवस होतात.

अजून एक गल्लत होते. माफ करणं आणि परत विश्वास टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. योसेफाला भावांनी विकलं होतं, मिसरात ते धान्य मागायला आले तेव्हा त्याने लगेच मिठी मारली नाही. ओळख दिली नाही, पारखून घेतलं, धाकट्या बन्यामीनाच्या बाबतीत हे आता कसे वागतात ते बघितलं, आणि मधे मधे बाजूच्या खोलीत जाऊन रडून तोंड धुऊन परत आला, असं उत्पत्तीत चक्क लिहिलंय. मग उघड झाला. त्यामुळे मारणाऱ्या नवऱ्याकडे परत जा कारण बायबल सत्तर गुणिले सात वेळा माफ करायला सांगतं, असं जर कोणी सांगत असेल तर ऐकू नका. माफी मनातून देता येते, लांबून देता येते, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करून सुरक्षित जागी पोचल्यावर पण देता येते.

तर माझा भाऊ. बाबांच्या घराच्या वाटणीवरून झालं जे काय झालं, माझंही पूर्ण बरोबर होतं असं नाही, पण त्याने जे बोलायला नको होतं ते बोलला, तेही आईसमोर. दोन वर्षं झाली आम्ही बोलत नाही. सुरुवातीला मी प्रार्थनेत त्याचं नावच टाळायचे, सगळ्या खानदानासाठी मागायचे आणि तिथे आले की गाडी पुढे काढायची. मग एका रात्री १३ वं स्तोत्र उघडलं आणि त्याचं नाव घालून वाचलं, किती वेळ हा माझ्यावर वरचढ राहणार, असं. बरंच वाईट बोलले. देवाला त्याच्याबद्दल जे सांगितलं ते मी नवऱ्याला पण सांगितलेलं नाही. त्याने प्रेमबिम काही उत्पन्न झालं नाही. एवढं झालं की दुसऱ्या दिवशी मुलाच्या हातून दूध उतू गेलं आणि मी नुसतं फडकं दिलं त्याच्या हातात.

यंदा ईस्टरच्या पहाटे आम्ही नेहमीसारखे कबरस्थानात गेलो. बाबांच्या कबरीवर झेंडूची ताजी माळ होती, म्हणजे तो आमच्या आधीच येऊन गेला होता, बहुतेक मुद्दाम लवकर, गाठ पडू नये म्हणून. त्याची मेणबत्ती वाऱ्याने विझली होती. मी माझी लावली, मग तिच्यावरच त्याची पण लावली आणि दोन विटा उभ्या करून आडोसा केला. मुलगा बघत होता. मनात देवाला म्हटलं, उगाच काही अर्थ काढू नकोस, वारा होता म्हणून लावली.